ब्रॅडॉकचा गाडीरस्ता मोजायला निघताना

आधी घरी बसून एकच गोष्ट पक्की करा: कुठला तुकडा मोजायचा. १७५५ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश जनरल एडवर्ड ब्रॅडॉकच्या फौजेने अमेरिकेत मेरीलँडमधल्या फोर्ट कंबरलंडपासून आजच्या पिट्सबर्गजवळ मनोंगहेला नदीपर्यंत झाडं तोडत, खडक फोडत जो रस्ता काढला तो सुमारे ११० मैलांचा. तो सगळा पायाखाली घालायच्या भानगडीत पडू नका. बराचसा शेतांत नांगरला गेला. काही भागावरून १८११ पासून बांधलेला नॅशनल रोड आणि नंतर आजचा यूएस ४० महामार्ग गेला. शेवटचे मैल तर ब्रॅडॉक गावाच्या घरांखाली आणि पोलाद कारखान्याच्या आसपास गडप झालेत. पहिल्या खेपेला पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टनट रिजच्या बाजूचा, फोर्ट नेसेसिटी ते ज्युमनव्हिल यांच्यामधला एखादा रानातला तुकडा घ्या. दोन मैल नीट मोजून झाले तरी दिवस सार्थकी लागला.

तुकडा ठरला की लायडार. विमानातून लेझर टाकून जमिनीची उंची टिपतात आणि त्यातून झाडझाडोरा वगळता येतो. खालची उघडी जमीन दिसते. पेनसिल्व्हेनियाचा हा डेटा ‘पास्डा’ या राज्याच्या भांडारात फुकट मिळतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, हिलशेड (जमिनीच्या चढउताराचं छायाचित्रण) काढा, आणि प्रकाशाची दिशा बदलत बघत राहा. वायव्येकडून प्रकाश टाकल्यावर न दिसलेली चाकोरी ईशान्येकडून टाकल्यावर ठळक उठते. एकाच दिशेच्या चित्रावर विसंबू नका, कारण प्रकाशाच्या ओळीत धावणारी खाच सपाट जमिनीसारखी दिसते. संशयित रेषा वेगळ्या थरावर आखा आणि फोनमध्ये उतरवून घ्या, रानात नेटवर्कचा भरवसा नाही.

मग वाचन. हे टाळून थेट रानात घुसणारे पुष्कळ, आणि तेच संध्याकाळी लाकूडतोड्यांचा रस्ता मोजून खुशीत परततात. ब्रॅडॉकचा एडीसी, म्हणजे मदतनीस अधिकारी, रॉबर्ट ऑर्म याची रोजनिशी छापील मिळते. तिच्यात मुक्काम, ओढे, चढ सगळं दिवसागणिक आहे. कंबरलंडहून निघाल्यावर पहिल्याच डोंगराने फौजेला धडा शिकवला. चढ-उतार जवळजवळ उभ्या कातळाचा, तीन गाड्या पार मोडल्या, अनेक खिळखिळ्या झाल्या. पुढे आरमाराच्या स्पेंडेलो नावाच्या लेफ्टनंटने डोंगराला वळसा घालणारी, ओढ्याकाठची वाट शोधली आणि मागच्या गाड्या तिथून गेल्या. म्हणजे पहिल्या काही मैलांत रस्ते दोन आहेत. हे ठाऊक नसेल तर एकच रेषा शोधत डोकं फिरेल. फौजेसोबत असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनचं त्या जूनमधलं पत्रही बघा. प्रत्येक ढेकूळ सपाट करत आणि प्रत्येक ओहोळावर पूल बांधत बसल्याने बारा मैलांना चार दिवस लागले, असं तो कुरकुरतो. आपल्या कामाला ही कुरकूर सोन्यासारखी आहे: ओहोळ आला की दोन्ही काठ नीट न्याहाळा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ब्रॅडॉकचा म्हणतात तो रस्ता ब्रॅडॉकने शोधलेला नाही. लेनापी जमातीच्या नेमाकोलिनने ओहायो कंपनी या जमीन-व्यापार कंपनीच्या थॉमस क्रेसॅपसोबत ही वाट काही वर्षं आधीच आखली होती, आणि त्याही आधी तिथे मूळ रहिवाशांची पायवाट होतीच. फौजेने ती बारा फूट रुंद केली. नोंदवहीच्या पहिल्या पानावर नाव लिहिताना नेमाकोलिनचंही लिहा.

जुने जमीनमोजणीचे कागद काढायचे असतील तर हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात ‘वॉरंटी टाउनशिप’ नकाशे (सरकारकडून जमीन पहिल्यांदा कोणाला मिळाली ते दाखवणारे) आहेत. त्यांत हद्दी ‘पांढऱ्या ओकपासून अमुक अंश, अमुक पर्च’ अशा दिलेल्या असतात, आणि कधीकधी हद्द रस्त्याला छेदते तिथे तसं लिहिलेलंही सापडतं. पर्च म्हणजे साडेसोळा फूट. चार पर्चची गुंटरची साखळी ६६ फुटांची, पण झाडीत ती ओढणं जिवावर येई म्हणून बरेच मोजणीदार अर्धी, ३३ फुटी साखळी वापरत. सातबारा हाताळलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. दिशा वाचताना मात्र सावध. त्या चुंबकीय दिशा आहेत आणि चुंबकीय उत्तर अडीचशे वर्षांत सरकलेलं आहे. नोआ या अमेरिकेच्या हवामान-समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या सालाचं विचलन (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक) काढता येतं, ते काढून दुरुस्ती करा. एक अंश चुकला तर मैलामागे ९२ फूट बाजूला जाल, आणि रस्ताच बारा फुटांचा.

दिवस निवडताना पानगळ झालेली हवी आणि बर्फ वितळलेला हवा. नोव्हेंबरअखेर पानं नसतात, पण तेव्हा हरणांच्या शिकारीचा हंगाम. माझ्या मते मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा सर्वांत बरा. सूर्य कलता असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. भर दुपारी उथळ खाच डोळ्यांना दिसतच नाही. हंगाम कुठलाही असो, भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालाच. पँटचे पाय मोज्यांत खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा. इथली गोचीड लाइम रोग देते, तेव्हा घरी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासणी केल्याशिवाय झोपायचं नाही. ऊन चढलं की खडकांवर कॉपरहेड किंवा रॅटलस्नेक असा विषारी साप पहुडलेला असू शकतो. हात टेकण्याआधी डोळे टेकवा.

परवानगीचं काम लांबणीवर टाकू नका. रस्ता एका मैलात तीन-चार मालकांच्या जमिनीतून जातो. काउंटीच्या नोंदींतून मालक शोधा, पत्र लिहा, मोजणीचा नकाशा देण्याचं कबूल करा. झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर तो ‘आत येऊ नका’ असा इशारा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागात २०२० पासून त्याला पाटीइतकंच कायदेशीर वजन आहे. फोर्ट नेसेसिटीची जागा नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. तिथे हिंडायला, फोटो काढायला कोणी अडवत नाही, पण पद्धतशीर मोजणी करायची तर आधी कार्यालयाला विचारा. मेटल डिटेक्टर गाडीतही ठेवू नका. केंद्राच्या जमिनीवरून ऐतिहासिक वस्तू उचलणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी जमिनीवरही नाल किंवा खिळा दिसला तर जागच्या जागी फोटो, स्थान, आणि पुढे चला. उचललेला खिळा नुसता खिळा उरतो.

आता पिशवी. शंभर फुटी कापडी टेप, विचलन बसवता येणारं होकायंत्र, दोन सहा फुटी काठ्या, सुतळी आणि तिला अडकवायची छोटी पाणपातळी, घडीची पट्टी, पाण्याने न भिजणारी वही, पेन्सिली (पेन थंडीत दगा देतं), फोनसाठी पॉवर बँक, प्लास्टिकच्या रंगीत फिती. फिती परतताना काढून आणायच्या. जीपीएसचा फाजील विश्वास नको: झाडीत फोनची जागा पंधरा-वीस फूट सहज चुकते, म्हणजे रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त. म्हणून ओळखीच्या खुणेपासून टेपने अंतर घेण्याची सवय ठेवा.

खरी तयारी डोळ्यांची. गाडीवानाला सर्वांत मोठी भीती आडव्या उताराची, कारण गाडी कलंडते. म्हणून जुना रस्ता डोंगराच्या कुशीतून फिरत जात नाही. तो सोंडेवरून नाकासमोर चढतो. कुशीत कापलेला, एका बाजूला माती लोटलेला सपाट रस्ता दिसला तर तो बहुधा बुलडोझरच्या काळातला, लाकूडवाल्यांचा. चढावर जुन्या रस्त्याची खोल घळ होते, कारण चाकांनी माती मोकळी केली आणि पावसाने नेली. कुरणात तो नाहीसा होतो. कधी शेजारी शेजारी दोन-तीन घळी दिसतात: एक खचली की गाडीवानांनी बाजूने दुसरी पाडलेली. सगळ्या मोजा, फक्त सर्वांत देखणी नको.

छेद, म्हणजे घळीच्या आडव्या आकाराचं माप, घेताना दोघे लागतात, तिसरा लिहायला असेल तर उत्तम. घळीच्या दोन्ही काठांवर काठ्या उभ्या धरायच्या (संरक्षित जागेत खुंट्या ठोकू नका), सुतळी ताणायची, बुडबुडा मध्यावर आणायचा, मग दर फुटाला सुतळीपासून जमिनीपर्यंत पट्टी धरून आकडा ओरडायचा. पट्टी पाचोळ्यावर टेकवू नका. तो हाताने बाजूला सारून मातीला लावा, नाहीतर खोली तीन-चार इंचांनी खोटी येते. दर शंभर फुटांवर एक छेद, आणि प्रत्येक छेदाला तळाच्या सर्वांत जाड झाडाचा घेर. तळात शतकभराचा ओक उभा असेल तर तिथून गाड्या जाणं बंद होऊन निदान तेवढी वर्षं झालीत.

फोर्ट नेसेसिटीजवळच्या ब्रॅडॉकच्या कबरीपाशी जाणार असाल तर स्मारकाआधी खाली जुन्या रस्त्याचा तुकडा बघा. १३ जुलै १७५५ रोजी तो वारला. मृतदेह शत्रूला सापडू नये म्हणून त्याला रस्त्यातच पुरून वरून फौज आणि गाड्या नेल्या. १८०४ साली रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांना हाडं सापडली. डोळा तयार करायला ही जागा चांगली: रस्ता इथेच होता हे माहीत असल्याने खाच कशी दिसते ते शिकता येतं. पहिला तासभर इथे घालवा आणि मगच आपल्या तुकड्याकडे वळा.

मोटारी दोन न्या, एक आरंभाला आणि एक शेवटाला. कुठे जातोय, कधी परतणार ते घरी कोणाला तरी सांगून ठेवा. त्याच संध्याकाळी वहीतल्या पानांचे फोटो काढा, आकडे संगणकात भरा, आणि नकाशा झाला की एक प्रत जमीनमालकाला व एक काउंटीच्या इतिहास मंडळाला पाठवा.