धंदा विकला, पण सुटला का? नॉन-कोअर व्यवसायातून बाहेर पडताना या चुका टाळा

"आता आम्ही मुख्य व्यवसायावर लक्ष केंद्रित करणार" असं एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीनं जाहीर केलं आणि नॉन-कोअर, म्हणजे मुख्य दिशेत न बसणारा, धंदा विकायला काढला की बाजारात दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपल्यासारखा वाटतो. कंपनीच्या आत मात्र खरं काम त्याच दिवशी सुरू होतं. विकायचं युनिट आणि उरणारी कंपनी यांचं लॉगिन एक, बिलिंग एक, कोडमधून सॉफ्टवेअर तयार करणारा बिल्ड सर्व्हरही एक. सही एका दुपारी होते. हा गुंता सोडवायला मात्र कित्येक महिने जातात, आणि व्यवहार बिघडतात ते बहुतेक या मधल्या काळातच.

तोट्यातलं तेच नॉन-कोअर, असं समजणं

इंट्युइट ही कंपनी १९८३ मध्ये उभी राहिली ती क्विकन या घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. तेच क्विकन तिनं ऑगस्ट २०१५ मध्ये विक्रीला काढलं, सोबत क्विकबेस आणि डिमांडफोर्स ही आणखी दोन प्रॉडक्टही. क्विकनला ग्राहक भरपूर होते, नावही मोठं होतं. पण कंपनीला जायचं होतं छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि करविवरण यांच्याकडे, तेही क्लाउडवर. म्हणजे क्विकबुक्स आणि टर्बोटॅक्सकडे. डेस्कटॉपवरचं क्विकन कितीही सुधारलं तरी त्या दोघांना त्याचा उपयोग नव्हता. माझ्या मते कसोटी हीच: या प्रॉडक्टवर खर्च केलेल्या रुपयानं मुख्य प्रॉडक्टला काही मिळतं का? उत्तर नाही असेल तर ते नॉन-कोअर, मग नफा कितीही असो. २०१६ मध्ये एचआयजी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीनं क्विकन घेतलं, इंट्युइटच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक असलेले एरिक डन त्याचे प्रमुख झाले, आणि ते आजही चालू आहे.

उलटं उदाहरण सिमँटेक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीचं. तिनं २००५ मध्ये १३.५ अब्ज डॉलरला व्हेरिटास ही स्टोरेज सॉफ्टवेअरची कंपनी घेतली. सुरक्षा आणि स्टोरेज एकत्र विकू, हा बेत जमला नाही, तरी दहा वर्षं दोन्ही एका छपराखाली राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये व्हेरिटास विकायचा कार्लाइल या गुंतवणूक कंपनीच्या गटाशी ८ अब्ज डॉलरला सौदा ठरला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो ७.४ अब्जांवर उतरला. "एवढे पैसे घातलेत, आता कसं सोडायचं" हा प्रश्न बैठकीत दुसऱ्यांदा निघाला, तर समजा की उशीर व्हायला लागला आहे.

विकणं आणि बंद करणं एकाच यादीत टाकणं

डिसेंबर २०१० मध्ये याहूच्या अंतर्गत बैठकीतली एक स्लाइड ट्विटरवर फुटली. 'सनसेट', म्हणजे बंद करायच्या सेवा, या शीर्षकाखाली अल्टाव्हिस्टा या जुन्या सर्च इंजिनसोबत डिलिशसचंही नाव होतं. डिलिशस म्हणजे बुकमार्क साठवण्याची सेवा, याहूनं २००५ मध्ये घेतलेली. लोकांनी तिथं वर्षानुवर्षांचे दुवे जपले होते. याहूनं खुलासा केला की सेवा बंद करणार नाही, तिच्यासाठी बाहेर घर शोधतो आहोत. तोवर लोक आपला डेटा उतरवून पिनबोर्डसारख्या स्पर्धकांकडे पळत होते. एप्रिल २०११ मध्ये यूट्यूबचे संस्थापक चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांनी डिलिशस घेतली खरी, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. हात बदलत बदलत जून २०१७ मध्ये ती पिनबोर्डनंच विकत घेतली, अवघ्या ३५,००० डॉलरला.

विकायचं प्रॉडक्ट 'बंद होणाऱ्यां'च्या रांगेत दिसलं की त्याचे ग्राहक जातात, आणि ग्राहक गेले की विकायला उरतं काय? तेव्हा दोन याद्या वेगळ्या ठेवा, अंतर्गत फाइलमध्येसुद्धा. बातमी फुटणारच असं धरून एक निवेदन आधीच तयार असू द्या. त्यात ग्राहकाच्या तीनच प्रश्नांची उत्तरं हवीत: माझा डेटा कुठं जाणार, दर बदलणार का, सपोर्टला फोन कोणी उचलणार. बातमी आधीच फुटली असेल तर पहिल्या दिवशी डेटा उतरवून घ्यायची सोय ठळक करा. दार उघडं दिसलं की माणसं थांबतात. लपवलं की पळतात.

'वेगळं करू नंतर' म्हणत सिस्टिम हलवणं

सर्वांत महाग चूक हीच, म्हणून इथं जरा थांबू.

गुगलनं २०२३ मध्ये आपला डोमेन (वेबसाइटचे पत्ते) नोंदणीचा व्यवसाय वेबसाइट बनवून देणाऱ्या स्क्वेअरस्पेसला दिला. किंमत सुमारे १८ कोटी डॉलर, डोमेन एक कोटीच्या आसपास. गुगलच्या पसाऱ्यात हा धंदा किरकोळ. पण ज्याची वेबसाइट त्या डोमेनवर उभी आहे त्याच्यासाठी ते सर्वस्व. खाती नव्या मालकाकडे गेली तेव्हा गुगलच्या लॉगिनचं दुहेरी संरक्षण सोबत गेलं नाही. जुलै २०२४ मध्ये हल्लेखोरांनी क्रिप्टो क्षेत्रातल्या काही कंपन्यांची डोमेन खाती ताब्यात घेतली आणि त्यांच्या वेबसाइटवर येणाऱ्यांना खोट्या पानांकडे वळवलं. डोमेनच्या नोंदी नीट पोचल्या होत्या, त्यांच्याभोवतीची सुरक्षा मागे राहिली होती.

म्हणून स्थलांतराची यादी करताना डेटाच्या टेबलांपाशी थांबू नका. प्रत्येक ग्राहकाच्या खात्याला आज कोणकोणतं संरक्षण आहे ते लिहा आणि हलवल्यावर ते जसंच्या तसं आहे का ते तपासा. नसेल तर पहिल्या लॉगिनला ओळख पुन्हा पटवून घ्या. ग्राहक कुरकुर करतील, करू द्या.

मोबाइल अ‍ॅप असेल तर आणखी एक खड्डा आहे. अ‍ॅपलच्या स्टोअरवर अ‍ॅप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात देता येतं, पण 'साइन इन विथ अ‍ॅपल' वापरणाऱ्यांची ओळख विक्रेत्याच्या टीमशी, म्हणजे त्याच्या डेव्हलपर खात्याशी, बांधलेली असते. ती नव्या टीमच्या ओळखीत बदलून घ्यायला ६० दिवस मिळतात. मुदत चुकली तर जुना ग्राहक नव्या मालकाला अनोळखी दिसतो. तक्रार येते ती "माझं खातं रिकामं झालं" अशी, आणि सपोर्टवाले डेटाबेस धुंडाळत बसतात. डेटा जागेवरच असतो. आधी ओळखीची जुळणी तपासा.

कोडचंही तसंच. सगळं एकाच रेपोमध्ये (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागेत) असेल तर फोल्डर कापून देऊन भागत नाही. जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींत, पासवर्ड, चाव्या, दुसऱ्या प्रॉडक्टचा कोड पडलेला असतो. इतिहास गाळून वेगळा रेपो करा आणि चाव्या झाडून सगळ्या बदला. बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाने बहुधा कंपनीच्या नावावर असतात आणि पुरवठादाराच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देता येत नाहीत. हे सहीनंतर कळलं की पुरवठादार म्हणेल तो भाव.

टीएसए संपायची घाई, किंवा संपतच नाही

विकल्यानंतर काही काळ विक्रेताच खरेदीदाराला सर्व्हर, पगारपत्रक, ईमेल वगैरे पुरवतो. त्या कराराला टीएसए म्हणतात, म्हणजे ट्रान्झिशन सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट. गावाकडच्या वाटणीत जमीन वेगळी होते पण विहीर सामाईक राहते, आणि भांडण पुढं पाण्याच्या पाळीवरून होतं. टीएसएचं तसंच आहे.

लक्षणं दोन. खरेदीदार मुदत वाढवून मागतो, दर वेळी "फक्त एक तिमाही" म्हणत. अशा वेळी मुदतवाढीचा दर चढता ठेवला नसेल तर तुमचे चांगले इंजिनिअर परक्या कंपनीची सिस्टिम सांभाळत राहतात आणि 'मुख्य व्यवसायावर लक्ष' कागदावरच राहतं. दुसरं लक्षण याच्या उलट: टीएसएचं शुल्क वाचवायला तयारी नसताना उडी मारणं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये जुन्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या, सिस्टिमवरून एकाच वेळी सगळे ग्राहक नव्या सिस्टिमवर हलवले. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्या खात्यात शिरता येईना, आणि गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. नियामकांनी २०२२ मध्ये सुमारे ४.८७ कोटी पौंड दंड ठोठावला. ही सॉफ्टवेअर कंपनी नाही हे मान्य, पण धडा सॉफ्टवेअरचाच आहे. ग्राहक टप्प्याटप्प्यानं हलवा, आणि परतीची वाट खरोखर चालून पाहिल्याशिवाय ती आहे असं समजू नका.

एकदा विकलं की ती डोकेदुखी खरेदीदाराची

पैसे रोख मिळाले असतील तर एक वेळ म्हणता येईल. शेअरच्या बदल्यात व्यवहार असेल तर मुळीच नाही. एचपीईनं (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ) आपला सॉफ्टवेअर विभाग २०१७ मध्ये मायक्रो फोकस या ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनीत विलीन केला आणि एकत्रित कंपनीचा ५०.१ टक्के हिस्सा एचपीईच्या भागधारकांना मिळाला. मार्च २०१८ मध्ये मायक्रो फोकसनं महसुलाचा अंदाज खाली आणला. कारणं सांगितली ती नव्या आयटी यंत्रणेतल्या अडचणी आणि विक्री विभागातून निघून गेलेली माणसं. प्रमुखांनी राजीनामा दिला, शेअर एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. खड्ड्यात गेलेला पैसा बराचसा विकणाऱ्याच्याच भागधारकांचा होता.

माणसं का गेली असतील? वेगळं होताना कोण कुठं जाणार हे सर्वांत शेवटी सांगायची प्रथा आहे. ती मोडा. याद्या आधी ठरवा, प्रॉडक्ट आतून ओळखणाऱ्या मोजक्या लोकांना थांबण्यासाठी ठोस रक्कम द्या. आणि उरणाऱ्या कंपनीचा खर्च आपोआप कमी होत नाही हेही लक्षात ठेवा. युनिट गेलं तरी इमारतीचं भाडं, एचआर, अकाउंट्स तेवढेच राहतात. महसूल गेल्याच्या तिमाहीत हा बोजा दिसतो, तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा सहीआधीच त्याची कात्री ठरवा.

भारतात: कागद उशिरा काढणं

कंपनीच्या निव्वळ संपत्तीपैकी २० टक्क्यांहून जास्त गुंतवणूक ज्यात आहे किंवा २० टक्के उत्पन्न ज्यातून येतं, असा उपक्रम विकायचा तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८० नुसार पब्लिक कंपनीला भागधारकांचा विशेष ठराव लागतो. सूचीबद्ध कंपनीला सेबीच्या नियमानुसार सार्वजनिक भागधारकांचंही बहुमत हवं. तारीख पुढं ढकलली जाते ती अनेकदा यापायी. स्लम्प सेल, म्हणजे अख्खा धंदा एकाच किमतीला विकणं, करत असाल तर किंमत एकरकमी ठेवा. कर कमी पडेल म्हणून प्रत्येक मालमत्तेला वेगळा भाव लावायचा मोह होतो आणि मग तो स्लम्प सेलच राहत नाही.

शेवटी नाव. पुण्याच्या केपीआयटीनं आयटी सेवांचा व्यवसाय सोडून फक्त वाहनांच्या सॉफ्टवेअरवर राहायचं ठरवलं, तेव्हा आयटी सेवा बिर्लासॉफ्ट या दुसऱ्या आयटी कंपनीसोबत गेल्या आणि २०१९ मध्ये जुनी सूचीबद्ध कंपनीच 'बिर्लासॉफ्ट' झाली. केपीआयटी हे नाव नव्यानं वेगळ्या झालेल्या इंजिनिअरिंग कंपनीला मिळालं, जी एप्रिल २०१९ मध्ये बाजारात उतरली. अशा अदलाबदलीत करारावर, पीएफच्या नोंदीत आणि ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरवर कोणती कायदेशीर कंपनी आहे, याचा एक तक्ता पहिल्या आठवड्यातच ग्राहकांच्या अकाउंट्स विभागाला पाठवा. बिलं अडकतात ती तिथं.