पौष्टिक खाण्याची सवय मोडते कुठे? या चुका टाळा

काय खायचं हे बहुतेक जण नीट ठरवतात. दमलेल्या संध्याकाळी काय करायचं, बाहेर जेवायला गेल्यावर काय मागवायचं, हे मात्र ठरलेलं नसतं. सवय मोडते ती तिथे.

एकाच दिवशी सगळं बदलणं

साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं खाणं अर्धं. चार नियम एकत्र सुरू केले की एक मोडल्यावर उरलेले तीनही सुटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यामुळे ‘२१ दिवसांत सवय लागते’ हा सगळीकडे ऐकू येणारा समज विसरलेला बरा. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलंही नाही.

एका वेळी एकच बदल घ्या आणि तो रोजच्या ठरलेल्या गोष्टीला जोडा. ‘भाज्या जास्त खाईन’ ही नुसती इच्छा झाली. ‘दुपारी ताटात आधी भाजी वाढून घेईन’ हे करता येतं.

फायबरची घाई

कडधान्यं आणि कच्च्या भाज्या अचानक वाढवल्या की पोट फुगतं, गॅस होतो आणि ‘मला हे सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ लागतो. मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर हवं, पण तिथवर दर आठवड्याला ४-५ ग्रॅम वाढवत जा. अर्धा कप शिजवलेल्या मसुरात ७-८ ग्रॅम फायबर असतं, म्हणजे सुरुवात पाव कपानं. पाणीही वाढवा, नाहीतर उलट बद्धकोष्ठता होते.

तेल अंदाजानं, प्रथिनं नावापुरती

१५ मिलीचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. बाटलीतून थेट ओतताना तीन चमचे कधी पडले ते कळत नाही. आठवडाभर चमच्यानं मोजून घाला, मग नजर बसते. दुसऱ्या टोकाला नुसत्या सॅलडवर जेवण उरकणारे असतात. त्यांना दोन तासांत भूक लागते आणि हात बिस्किटांच्या डब्यात जातो. अर्धं ताट भाज्या-फळं, पाव भाग अख्खी धान्यं, पाव भाग डाळी, अंडी, मासे किंवा चिकन असा हिशेब ठेवला तर हे टळतं.

वाईट दिवसाची सोय नसणं

दहा मिनिटांत होणारं एक जेवण कायम हाताशी असू द्या: फ्रोझन भाज्या, अंडी, आधी शिजवून ठेवलेली कडधान्यं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि तीन-चार दिवसांत संपायला हवं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर फ्रीजर.

बाहेर जेवताना

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘रात्री बाहेर जेवायचंय’ म्हणून दिवसभर उपाशी राहणं. कडकडून भूक लागलेला माणूस मेनू वाचत नाही, पहिलं दिसेल ते मागवतो. नेहमीप्रमाणे जेवा आणि निघण्याआधी तासभर एखादं फळ किंवा मूठभर दाणे खा. मेनू ऑनलाइन असेल तर पदार्थ घरीच ठरवा.

‘तेल कमी घाला’ असं सांगून सहसा काही होत नाही, कारण घाईतल्या स्वयंपाकघरात ‘कमी’चं माप नसतं. करता येईल असं मागा: सॉस किंवा ड्रेसिंग वेगळ्या वाटीत, तळण्याऐवजी भाजलेलं किंवा वाफवलेलं, साइड डिश म्हणून फ्राइजऐवजी भाज्या. मेनूत ‘क्रिस्पी’ दिसलं की बहुधा तळलेलं, ‘क्रीमी’ दिसलं की साय, लोणी किंवा चीज असं धरून चाला. मोठी डिश आली तर खायला सुरुवात करण्याआधीच अर्धी बांधून घ्या. नंतर ‘दोनच घास उरलेत’ म्हणत ती संपते.

पेयांकडे लक्षच जात नाही. ३३० मिली कोलाच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवा म्हणते. बुफेत मात्र आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारा, मग प्लेट उचला. महिन्यातून एखाद्याच वेळी बाहेर जात असाल तर एवढं काटेकोर राहायची गरज नाही. आठवड्यातून चारदा जाणाऱ्यांसाठी हा सगळा खटाटोप.

दुसऱ्या दिवशीचा घोळ

सकाळी वजनकाटा एक किलो जास्त दाखवतो आणि लोक नाश्ता सोडतात. खारट जेवणानंतर शरीर पाणी धरून ठेवतं, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. नेहमीचा नाश्ता करा आणि काट्यावर त्या आठवड्याच्या शेवटी उभे राहा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळूच नये. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.