संगणकात मालवेअर सापडलं? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

'ट्रोजन सापडला' असा लाल इशारा दिसला की छातीत धस्स होतं आणि समोर येईल ते बटण दाबलं जातं. ट्रोजन म्हणजे उपयोगी प्रोग्रॅमचं सोंग घेऊन आत शिरणारं मालवेअर, म्हणजेच घातक प्रोग्रॅम. मालवेअर काढणारी साधनं आज चांगली आहेत. चुकतो तो बहुतेक वेळा कामांचा क्रम.

इशारा कुणाचा, हे न पाहणं

ब्राउझरमध्ये पूर्ण पडदाभर पान उघडलं, भोंगा वाजू लागला आणि 'ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असं लिहून आलं, तर ती शुद्ध फसवणूक आहे. वेबपान तुमची हार्ड डिस्क तपासू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. पान बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. कोपऱ्यात सारख्या सूचना येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये कोणकोणत्या साइटना नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ते पाहा. बहुधा चोर तिथेच सापडतो.

नीट न वाचताच डिलीट करणं

विंडोज सिक्युरिटी या विंडोजमधल्याच अ‍ॅपमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी उघडा आणि तीन गोष्टी वाचा: मालवेअरचं नाव, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये सापडली आणि तिचं पुढे काय झालं. फाइल डाउनलोड्समध्येच अडवली गेली आणि तुम्ही ती कधी उघडलीच नव्हती, तर धोका बहुधा तिथेच टळला. उघडली असेल तर मात्र पुढचं सगळं लागू होतं. क्वारंटाइन म्हणजे फाइल कोंडून ठेवली आहे, ती चालू शकत नाही. तिला काही दिवस तिथेच राहू द्या, कारण अँटिव्हायरसही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. शंका असेल तर फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर, तपासा. फक्त खाजगी कागदपत्रं तिथे चढवू नका. ती इतरांच्या हाती जाऊ शकतात. आणि विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवण्यासाठी मिळवलेल्या क्रॅकवर इशारा आला असेल, तर 'चुकून आला असेल' अशी स्वतःची समजूत घालू नका.

त्याच संगणकावरून पासवर्ड बदलणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. माहिती चोरणारं मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) काही क्षणांत उचलून नेतं. मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत लुमा नावाच्या अशाच मालवेअरची लागण झालेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टला आढळले होते. मालवेअर अजून आत असताना नवा पासवर्ड टाइप केलात, तर तोही चोराच्या हाती जातो. कुकी चोरीला गेली असेल तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही; तुम्ही आधीच लॉगिन केलेलं असतं, तो त्याच दारातून आत येतो.

म्हणून आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून कामाला लागा. पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. त्यानंतर बँक, मग उरलेली खाती. प्रत्येक ठिकाणी 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' करायला विसरू नका. ईमेलमध्ये कुणी फॉरवर्डिंग लावून तुमची पत्रं आपल्याकडे वळवून ठेवलीत का, रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे का, हेही तपासा.

साफसफाईतले घोटाळे

घाबरून बॅकअपची डिस्क जोडू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारं मालवेअर, असेल तर बॅकअपही जाईल. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालू ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्याऐवजी डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन चालवा. साधारण १५ मिनिटं लागतात आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने लपून बसलेलंही सापडतं.

इतकं करूनही रीस्टार्टनंतर तेच नाव परत दिसलं, किंवा बँकेचे व्यवहार होतात त्याच संगणकावर ट्रोजन चालून गेला असेल, तर मी स्वच्छतेचे प्रयोग थांबवून विंडोज नव्याने टाकेन. विंडोज टाकण्यासाठीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तयार करायचा आणि जुन्यातून फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्यायची, प्रोग्रॅम नाहीत.

रॅन्समवेअरने फायली लॉक केल्या असतील, तर मात्र फॉरमॅटची घाई नको. युरोपोल आणि डच पोलिसांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर अनेक प्रकारांसाठी मोफत उपाय मिळतात. तुमच्या प्रकाराचा उपाय आज तिथे नसला, तरी लॉक झालेल्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. त्या उघडणाऱ्या किल्ल्या नंतरही उपलब्ध होऊ शकतात.