आखाती घरात पाहुणे म्हणून जाताना

मस्कत, दुबई किंवा दोह्यात नोकरी करणाऱ्याला कधी ना कधी अरब घरचं बोलावणं येतंच. तेव्हा मोजके शब्द पुरतात. मात्र ते योग्य वेळी यायला हवेत.

दारात ‘अहलन व सहलन’ ऐकू येईल. ‘अहल’ म्हणजे घरची माणसं, ‘सहल’ म्हणजे सपाट, सोपी जमीन: आपल्याच माणसांत आलात, वाट सुखाची झाली. उत्तर पुरुषाला ‘अहलन बीक’, स्त्रीला ‘अहलन बीकी’, अनेकांना ‘अहलन बीकुम’. आपण इथे हमखास चुकतो, कारण आपलं ‘या, बसा’ बाईलाही तेच आणि बुवालाही तेच.

मग ‘तफद्दल’ (स्त्रीला ‘तफद्दली’). आत या, बसा, घ्या, आधी तुम्ही, असे सगळे अर्थ त्यात येतात. यजमानाचा हात कुठे वळतो ते पाहिलं की अर्थ कळतो.

खजुराबरोबर गहवा, म्हणजे अरबी कॉफी, येतो: फिकट, वेलदोड्याचा, बिनसाखरेचा. वाढणारा दल्ला (कॉफीची किटली) डाव्या हातात धरतो आणि फिंजान (छोटा, बिनकानाचा कप) उजव्या हाताने देतो. तुम्हीही उजव्यानेच घ्या. फिंजान जेमतेम पाव भरलेला असतो. तो कंजूषपणा नव्हे, काठोकाठ भरणं हाच उलट असभ्यपणा. पहिला फिंजान नाकारू नका. आपलं ‘नको नको, कशाला त्रास’ इथे आग्रहाची वाट मोकळी करत नाही, मन दुखावतं. रिकामा फिंजान नुसता पुढे केलात तर पुन्हा भरला जाईल. पुरे असेल तर मनगटाने हलकेच दोन-तीनदा हलवून परत द्या. साधारण तिसऱ्यानंतर थांबतात. आणखी एक फसगत: ‘हे घेणार का?’ याला नुसतं ‘शुक्रन’ (आभार) म्हटलं तर बहुधा ‘नको’ असाच अर्थ घेतात.

जेवणानंतर ‘कत्तर अल्लाह खैरकुम’ म्हणावं: देव तुमचं बरं वाढवो. आपल्या ‘अन्नदाता सुखी भव’चीच जागा ही.

शेवटी ऊदाचा धूर फिरवतात. ‘मा बाद अल-ऊद कुऊद’, ऊदानंतर बसणं नाही. आपल्याकडे अत्तरगुलाब-पानसुपारी झाली की उठतात, तसंच. यजमान ‘तव्वन्नास’, म्हणजे अजून लवकर आहे, म्हणेल. एकदा हसून ऐकायचं आणि चपला शोधायच्या.