मेन्यूत चालू पान ठळक होत नाही? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीचे संकेतस्थळ मी तयार केले, तेव्हा त्याच्या मेन्यूत सहा दुवे होते : मुख्यपान, हळद, हळद-दर, बेदाणा, शेतकऱ्यांसाठी आणि संपर्क. वाचक ज्या पानावर आहे त्याचा दुवा ठळक दिसावा, एवढेच काम शेवटी उरले होते आणि त्याला जावास्क्रिप्टच्या चार ओळी पुरतील, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मुख्यपानाचा दुवा प्रत्येक पानावर ठळक दिसू लागला, ‘हळद-दर’ उघडले की ‘हळद’ही ठळक होऊ लागले आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ मात्र कधीच ठळक झाले नाही. सौद्याच्या गडबडीत मोबाइलवर दर पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपण नेमक्या कोणत्या पानावर आहोत हे कळत नसेल, तर मेन्यूचा उपयोगच उरत नाही. म्हणून या चुकांकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

दोष शोधताना पहिली चूक होते ती थेट कोड बदलायला घेण्याची. आधी ब्राउझरमध्ये त्या दुव्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडावे आणि दुव्याला आपला क्लास (चालू दुवा ओळखता यावा म्हणून स्क्रिप्ट त्याला लावते ते नाव) लागला आहे की नाही, ते पाहावे. क्लास लागूनही रंग बदलत नसेल, तर दोष सीएसएसमध्ये, म्हणजे रंगरूपाच्या नियमांत असतो; क्लास लागलाच नसेल, तर तो दुव्याचा पत्ता आणि चालू पानाचा पत्ता यांची तुलना करण्यात किंवा स्क्रिप्ट चालण्याच्या वेळेत असतो.

सर्वाधिक चुका पत्त्यांच्या तुलनेतच होतात. ‘गेटअ‍ॅट्रिब्यूट’ने दुव्याचा पत्ता वाचला, तर आपण एचटीएमएलमध्ये जसा लिहिला तसाच मिळतो, चालू पानाचा पत्ता सांगणारे ‘लोकेशन.पाथनेम’ मात्र ब्राउझरने प्रक्रिया केलेला पत्ता देतो. मराठी पत्त्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे अशा रूपात जातो, त्यामुळे ‘हळद’ या तीन अक्षरांची २७ चिन्हे होतात. अ‍ॅड्रेस बारमध्ये आपल्याला ‘हळद’च दिसते, म्हणून कोडलाही तेच दिसत असेल असे आपण धरून चालतो. यावर उपाय असा की, दुव्याचे स्वतःचे ‘पाथनेम’ वापरावे, म्हणजे दोन्ही पत्ते ब्राउझरच्या एकाच प्रक्रियेतून जातात. तरीही वर्डप्रेस ही संकेतस्थळे बनवण्याची प्रणाली हे टक्केरूप छोट्या लिपीतील रोमन अक्षरांत ठेवते आणि ब्राउझर देवनागरीचे रूपांतर मोठ्या लिपीत करतो. त्यामुळे तुलनेपूर्वी दोन्ही पत्ते टक्केरूपाची पुन्हा मूळ अक्षरे करणाऱ्या ‘डीकोडयूआरआय’मधून काढणे इष्ट आहे. त्याच वेळी शेवटची तिरकी रेघ आणि ‘इंडेक्स.एचटीएमएल’ हा शेपटाचा भाग दोन्हींकडून काढून टाकावा.

मुख्यपान सर्वत्र ठळक होण्याचे कारण, चालू पत्ता दुव्याच्या पत्त्याने सुरू होतो का एवढेच तपासणारे ‘स्टार्ट्सविथ’ होते. मुख्यपानाचा पत्ता म्हणजे केवळ एक तिरकी रेघ, आणि संकेतस्थळावरील प्रत्येक पत्ता तिनेच सुरू होतो. ‘हळद-दर’ची सुरुवातही ‘हळद’नेच होते. म्हणून नियम असा ठेवावा की पत्ता तंतोतंत जुळला पाहिजे, किंवा चालू पत्ता दुव्याच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ जोडून होणाऱ्या मजकुराने सुरू झाला पाहिजे. आणि मुख्यपानाला फक्त तंतोतंत जुळणीच लागू करावी.

‘शेतकऱ्यांसाठी’चा दोष शोधायला मला दोन दिवस लागले, आणि ही चूक मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते. त्या विभागातील उपपानांचे पत्ते क्रमांकांचे होते, म्हणून मी बॉडी टॅगवर विभागाचे नाव लिहून ते दुव्यातील शब्दांशी जुळवले होते. दोन्ही ठिकाणी डोळ्यांना एकच शब्द दिसत होता. परंतु ‘ऱ्य’ हे जोडाक्षर एका ठिकाणी ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हापासून तयार झाले होते, तर दुसऱ्या ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर या अदृश्य चिन्हापासून. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे ‘नॉर्मलाइज’ वापरल्यास ‘र’ अधिक नुक्ता आणि ‘ऱ’ यांतील भेद मिटतो, पण जॉइनरचा भेद मिटत नाही. त्यामुळे दिसणाऱ्या मराठी शब्दांवर जुळणी करूच नये. प्रत्येक विभागाला साध्या रोमन अक्षरांतील एक छोटी खूण द्यावी आणि तीच दोन्हीकडे वापरावी.

स्क्रिप्ट पानाच्या सुरुवातीच्या हेड भागात असेल आणि तिला पान वाचून होईपर्यंत थांबवणारे ‘डिफर’ लावलेले नसेल, तर ती मेन्यू तयार होण्याआधीच चालते, तिला एकही दुवा सापडत नाही आणि साध्या लूपमध्ये कोणतीही त्रुटीसूचनाही येत नाही. पान पुन्हा न उघडता ‘पुशस्टेट’ने पत्ता बदलणाऱ्या संकेतस्थळावर ठळक करण्याचे फंक्शन प्रत्येक बदलानंतर स्वतः बोलवावे लागते.

सीएसएसमध्ये ‘.अ‍ॅक्टिव्ह’ हा क्लास आणि ‘:अ‍ॅक्टिव्ह’ ही स्थिती यांची गल्लत सर्रास होते. विसर्गासारख्या दोन टिंबांची स्थिती दुवा दाबून धरल्यापुरतीच असते; चालू पानाशी तिचा संबंध नाही. क्लास बरोबर असला तरी ‘.मेन्यू ए’ हा नियम एकट्या ‘.अ‍ॅक्टिव्ह’पेक्षा वजनदार ठरतो, मग तो फाइलमध्ये आधी लिहिलेला असला तरीही. अशा वेळी एखादा नियम इतरांवर लादणाऱ्या ‘इम्पॉर्टंट’ची जबरदस्ती करण्याऐवजी ‘.मेन्यू ए.अ‍ॅक्टिव्ह’ असा नेमका नियम लिहावा.

केवळ क्लासवर थांबणे हीदेखील चूकच आहे, कारण पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला रंग कळत नाही. चालू दुव्याला ‘एरिया-करंट’ (aria-current) हा गुणधर्म ‘पेज’ या मूल्यासह द्यावा आणि सीएसएसचा नियमही त्याच मूल्यावर बांधावा. नुसत्या गुणधर्माच्या असण्यावर बांधला, तर ‘फॉल्स’ लिहिलेले दुवेही ठळक होतात. पेढीच्या मालकांना चालू दुवा हळदीच्या रंगात हवा होता, आणि सांगलीत ती इच्छा स्वाभाविकच होती. पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरे मजकुरासाठी अपेक्षित ४.५ : १ या अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाच्या (कॉन्ट्रास्टच्या) जवळपासही जात नाहीत, शिवाय फक्त रंगावर खूण ठेवणे योग्य नाही. म्हणून अक्षरे गडद तपकिरी व जाड ठेवली, त्यांच्याखाली त्याच तपकिरी रंगाची रेघ दिली आणि मागे हळदी पट्टी घातली.