हरभरा भिजवून पेरताय? या चुका टाळा

जिरायती हरभरा उरलेल्या ओलीवर येतो. वरचा थर रोज सुकत असतो, आणि कोरडं बी फुगेपर्यंतच ओल खाली जाते. रात्री भिजवून सकाळी पेरलेलं बी लवकर आणि एकसारखं उगवतं. उपाय बिनखर्चाचा आहे, म्हणूनच तो निष्काळजीपणाने वाया गेलेला बघवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान वेळ चुकल्याने होतं. हरभऱ्याला ८ तास पुरे. ज्वारीला १०, गव्हाला १२. दिवसभर पाण्यात राहिलेल्या बियाला मोड येतो. तो तिफणीत मोडतो, नाहीतर कमी ओलीत वाळतो. ८ तासांनी उपसलेलं बी मात्र पुन्हा पाणी मिळाल्याशिवाय मोडावर येत नाही. पेरणी लांबली तर ते सावलीत पातळ पसरून पूर्ण सुकवा. ओलं बी पोत्यात बांधलं की तापतं. फुगलेलं बी तिफणीतून कमी पडतं, तेव्हा प्रमाण आधी तपासा.

भिजवल्याने मर रोग जात नाही. त्याची बुरशी जमिनीत ६ वर्षंसुद्धा तग धरते. बीजप्रक्रिया लागतेच, पण भिजवून वरचं पाणी सुकल्यावर. आधी केली तर औषध पाण्याबरोबर जातं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) किलोला ५ ग्रॅम, शेवटी रायझोबियम (मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत) १० किलोला २५० ग्रॅम. कार्बेन्डाझिमसोबत ट्रायकोडर्मा लावू नका, ते बुरशीनाशक त्यालाही मारतं.

नांगे, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, पडले तर दुबार पेरण्याआधी तिथली माती उकरा. बी तसंच कडक असेल तर ओल पोचली नाही. मऊ पडून वास येत असेल तर कुजलं. रोप उगवून मेलं असेल तर खोडाचा खालचा भाग उभा चिरा: आत तपकिरी-काळी रेघ म्हणजे मर. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर मानकूज. मानकुजीला ओली जमीन मानवते, म्हणून पाऊस होऊन भरपूर ओल असेल तेव्हा मी तरी भिजवायला सांगणार नाही.

आणि हरभऱ्याला जमलं म्हणून सोयाबीन भिजवू नका. त्याचं टरफल पातळ असतं, पाणी झपाट्याने शिरून आतलं बी फाटतं. सोयाबीनची उगवण आधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून तपासा. ७० उगवले तर नेहमीचं प्रमाण पुरतं, कमी उगवले तर बियाणं वाढवा.