पोरांच्या दाढा आणि विम्याचे कागद

माझी धाकटी पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. श्रावण होता, घरात कानबाईच्या रोटांची तयारी चालू होती, पाहुणे भरलेले होते. मध्यरात्री पोर गाल धरून उठली आणि रडायचं थांबेना. लवंगेचं तेल कापसावर घेऊन लावलं, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं औषध दिलं आणि मांडीवर घेऊन रात्र काढली. सासूबाई म्हणाल्या, "दूधना दात शेतस, पडी जातीन." म्हणजे दुधाचे दात आहेत, पडून जातील. त्यांच्या काळात दात दुखला की काढून टाकायचा, एवढाच इलाज ठाऊक होता. मी तर शिकलेली. तरी दाढेवरचा काळा ठिपका सहा महिने बघत होते आणि मनात हेच म्हणत होते. दोन दाढांची मुळापर्यंत सफाई आणि वर स्टीलच्या कॅपा, असा खर्च ९,४०० रुपये आला. घरात आरोग्य विमा असूनही त्यातला एक रुपया परत मिळाला नाही.

आम्ही पाचोऱ्याचे. माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, मिस्टर जळगावच्या एमआयडीसीत कामाला. त्या वर्षापासून गल्लीतल्या बायका पॉलिसीचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. प्रत्येकीला जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी दाढ ओळखा

दुधाचे दात एकूण वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही आलेले असतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळेच लवकर पडणार. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पाच वर्षांच्या पोरीची किडलेली दाढ "पडेल" म्हणून सोडली, तर तिला पाच-सात वर्षं त्याच दाढेने भाकरी चावायची आहे.

शिवाय दुधाची दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवते. ती वेळेआधी काढली की शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत कलते, खालच्या दाताला वाट उरत नाही आणि तो वाकडा येतो. पुढे तारा लावायची वेळ येते, आणि तारांचा खर्च विम्यात बसणं फार अवघड. म्हणून डॉक्टरांनी दाढ काढायलाच सांगितलं, तर "जागा धरून ठेवायला काही लावणार का?" हे तिथेच विचारा. त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ आहे, जन्मभराची, खाली-वर मिळून चार. माझ्या थोरल्याच्या बाबतीत मला हे आठव्या वर्षी कळलं, तोवर एकीला कीड लागलीही होती. पोराला सहावं लागलं की महिन्यातून एकदा मोबाईलचा टॉर्च लावून मागे बघा. दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने बुजवून घेता येतात. टोचणं नाही, दुखणं नाही. दातांवर माझ्या हाताने झालेल्या खर्चांत मला सगळ्यात पटलेला खर्च हाच.

रात्रीचा ब्रश

सकाळचा ब्रश सगळे करतात. रात्रीचा राहतो, आणि खरं काम त्याचंच असतं, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांना चिकटलेलं गोड रात्रभर तसंच राहतं. पेस्ट फ्लोराइडची घ्या, खोक्यावर १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त लिहिलेलं बघून. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पिळतात, तेवढी नको. थुंकू द्या, पण नंतर खळखळून चुळा भरायला लावू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहिलेलं चांगलं.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आपल्या हाताने करा. मी भिंतीला टेकून बसते, पोरीचं डोकं मांडीवर घेते, तोंड उजेडाकडे. समोर उभं राहून मागची दाढ कधीच नीट दिसत नाही.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं आजच थांबवा. वरचे पुढचे चार दात त्यानेच किडतात. रात्री खोकल्याचं गोड सिरप दिलं तरी वर दोन घोट पाणी पाजा. आणि ज्या घरात बायका मिश्री लावतात तिथे पोरांसमोर ती लावू नका. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तीन-चार वर्षांचं पोर आजीचं बघून बोट डब्यात घालतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

खाण्याबद्दल मी कडक नाही. अखाजीला मांडे आणि आमरस पोटभर खाऊ द्या, जेवणासोबतचं गोड तेवढं नुकसान करत नाही. नुकसान करतं ते दिवसभर थोडं थोडं खाणं: चहात बुडवलेलं बिस्किट, मग केळीचे वेफर्स, मग उन्हाळ्यात बाटलीतलं कोल्ड्रिंक घोट घोट करत तासभर. वेफर्स खारट असले तरी दाढेच्या खाचेत चिकटून बसतात आणि किडीला पोसतात. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे मोजा.

पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दातांच्या डॉक्टरकडे न्या, पुढे दर सहा महिन्यांनी. डॉक्टरांनी फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, सुचवलं तर लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

विम्याआधी फुकटचं आणि स्वस्तातलं बघा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येतं. वय शून्य ते अठरा. तपासणीत दातांची कीडही येते. पथक आलं त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि त्यांनी पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात हरवू देऊ नका. त्या चिठ्ठीवर पुढचा इलाज मोफत होतो.

धुळ्याला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो आणि शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खासगीपेक्षा पैसे कमी लागतात. फेऱ्या मात्र जास्त होतात. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरून हिशोब करा, एका दाढेसाठी परवडेलच असं नाही. चार-पाच दाढा असतील तर नक्की जा.

घरात कुणाचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कापली जात असेल, तर त्या कार्डावर बायको-मुलांचाही इलाज होतो. आमच्या गल्लीतल्या एकीच्या नवऱ्याची सहा वर्षं कपात चालली होती आणि तिने पोरांची नावं कार्डावर घातलीच नव्हती. आधी नावं घाला, मग ईएसआयच्या दवाखान्यात दातांचं काय काय होतं ते विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर मात्र साध्या दाढ भरण्यासाठी विसंबू नका. शंका असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आता पॉलिसी

आपल्याकडे फक्त दातांची वेगळी पॉलिसी क्वचितच मिळते. दातांचं संरक्षण बहुतेक वेळा आरोग्य विम्याला जोडलेल्या ओपीडी रायडरमधून (जादा हप्ता भरून घ्यायची, भरती न होता केलेल्या इलाजाची जोड) येतं, किंवा नोकरीच्या ठिकाणच्या गटविम्यातून. साधी पॉलिसी असते ती दवाखान्यात भरती होण्यासाठी. तिच्यात दातांचा इलाज बहुधा वगळलेला असतो, अपघातात दाताला इजा झाली तरच तो धरतात. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्या नियमांची मिळणारी पॉलिसी. तिच्यात आजार किंवा इजेमुळे कराव्या लागणाऱ्या दातांच्या इलाजाचा उल्लेख आहे, पण तोही भरती होण्याच्या संदर्भात. खुर्चीत बसून अर्ध्या तासात दाढ भरून घरी आलात, तर ते भरती होणं नव्हे. आमचे ९,४०० तिथेच गेले.

म्हणून एजंटला "दातांचं आहे का?" असं मोघम विचारू नका. तो हो म्हणेल, आणि अपघातापुरतं ते खरंही असेल. मी विचारते ते असं: भरती न होता खुर्चीत केलेला इलाज धरता का? वर्षाला दातांसाठी कमाल किती रुपये? त्यातला माझा वाटा किती टक्के? पॉलिसी घेतल्यापासून किती दिवसांनी चालू? आधीपासून किडलेली दाढ धरणार का? दुधाच्या दाढेची मुळापर्यंत सफाई, कॅप, सीलंट, तारा, यातलं काय वगळलंय? उत्तर व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी मागा. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, थोडक्या पानांचं. मोठी पुस्तिका राहू द्या, हे मात्र पूर्ण वाचा, मराठीत हवं असेल तर मागा. बोललेलं आणि लिहिलेलं जुळत नसेल, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

आधीच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. याचा अर्थ, दाढ दुखायला लागल्यावर पॉलिसी घेऊन त्या दाढेचे पैसे मिळणार नाहीत.

आम्ही दुसऱ्या वर्षी रायडर घेतला. जादा हप्ता २,९०० रुपये, दातांसाठी मर्यादा ५,०००, आपला वाटा २० टक्के. त्या वर्षी थोरल्याची दाढ भरणं, एक्स-रे आणि दोघांच्या तपासण्या मिळून बिल ३,७०० झालं, हातात २,९६० परत आले. म्हणजे बरोबरी झाली. सीलंट आमच्या पॉलिसीत बसलंच नाही, ते खिशातून केलं. माझं मत विचाराल तर, दर सहा महिन्यांना पोरांना नेणारच असाल तरच रायडर घ्या. नेणं होत नसेल तर तेच २४०-२५० रुपये महिन्याला बचत गटात वेगळे टाका, गरजेला गटातून कर्जही मिळतं. पण भरती होण्याची मूळ पॉलिसी मात्र दातांकडे बघून सोडू नका.

हप्ता रोखीने भरू नका. आयकराच्या जुन्या पद्धतीत स्वतः, जोडीदार आणि मुलांच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती रोखीच्या हप्त्यावर मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही, तो कुणी जोडला तर विचारा.

बिल कसं घ्यायचं

आपल्या गावातले दातांचे दवाखाने कंपनीच्या कॅशलेस यादीत फारसे नसतात. आधी पैसे भरायचे, मग मागायचे. रायडरवरचा माझा पहिला क्लेम परत आला, कारण बिलावर एकच ओळ होती: "दातांचा इलाज". कोणती दाढ, काय केलं, काहीच नाही. डॉक्टरांकडे जाऊन नवं बिल करून आणलं तेव्हा पास झाला.

बिलावर प्रत्येक कामाची रक्कम वेगळी हवी आणि दाढेचा नंबर हवा. डॉक्टरांच्या पद्धतीत पक्क्या दातांचे नंबर ११ ते ४८ मधले असतात आणि दुधाच्या दातांचे ५१ ते ८५ मधले. सहाव्या वर्षीच्या चार दाढा म्हणजे १६, २६, ३६ आणि ४६. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, तारीख. सोबत केस पेपर, पैसे भरल्याची पावती, एक्स-रेची प्रत आणि रद्द केलेला चेक. सगळ्याचे फोटो स्वतःकडे ठेवा आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत पाठवा.

पोर सायकलवरून पडून दात तुटला असेल, तर पहिल्याच केस पेपरवर कसं पडलं आणि कधी, हे लिहून घ्या. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरा, नुसत्या पाण्याने हलकेच धुवा, जमलं तर परत जागेवर बसवा. नाहीतर दुधात बुडवून अर्ध्या-एक तासात दातांच्या डॉक्टरकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

एकदा मला कुणी सुचवलं, डॉक्टरला सांगून केस पेपरवरची तारीख पुढची करून घे. करू नका. उघड झालं तर पूर्ण पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि त्याच पॉलिसीवर उद्या घरातल्या कुणाचं ऑपरेशन व्हायचं असतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोनवरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा, आपल्या जळगाव-धुळ्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, म्हणून नकाराचं पत्र ज्या दिवशी आलं ती तारीख त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा.